घरी काही त्रास नाही

पुणे, १८ ऑक्टोबर १९९६

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम.

काल रात्री कॉलेजच्या टूरहून हॉस्टेलवर आले आणि लगेच नगरहून पप्पांचा फोन. सोमवारी तुझा पहिला डोस झाला म्हणाले. ते लाल औषध सलाईनमधून दिलं आणि रात्रभर धर्मशाळेत तुला इतक्या उलट्या झाल्या की मामा तुला धरून बसले होते. आणि मी तेव्हा कुठे होते, तर गुजरातमध्ये एका फॅक्टरीत मशीनमधून गोळ्या कशा पडतात ते बघत होते. आपल्या घरात औषधांचं शिकणारी मी एकटी. पुण्यातच राहते. आणि नेमकी त्याच दिवशी गायब. मला इतकं गिल्टी वाटतंय की सकाळपासून लेक्चरला गेले नाही, लायब्ररीत बसलेय.

पण आता मी सगळं माझ्या हातात घेतलंय. कॅन्सरच्या पेशंटच्या जेवणावर एक जाड इंग्लिश पुस्तक सापडलंय, ते निम्मं वाचून झालं. तर ऐक. सकाळी उठल्या उठल्या कोरडा टोस्ट खायचा, चहात न बुडवता. आलं चघळायचं. एकदम पोटभर नाही, थोडं थोडं खायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पेशंटला आवडीचं द्यायचं, म्हणजे मन प्रसन्न राहतं. तुझ्या आवडीचं काय, हे मला पुस्तकात बघायला नको. मे महिन्याच्या सुट्टीत तुझ्याकडे आले की तुमच्या शेतातला तो काळभात तांदूळ शिजतानाच सगळ्या घरात वास सुटायचा आणि तू दूध घालून पातेल्यातूनच खायचीस. पुढच्या डोसला तोच डब्यात घेऊन ये. सलाईन लावायच्या आधी थोडा खा, नंतर थोडा.

दुसऱ्या डोसला मी सकाळी आठपासून तिथे असेन. काय खाल्लंस, उलटी झाली का, सगळं मला पत्रानं कळव.

तुझी,
दीपा


राजूर, २४ ऑक्टोबर १९९६

चि. दीपास जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या मामानं दोनदा मोठ्यानं वाचलं, दुसऱ्यांदा शेजारची लंकाबाई आली हुती म्हनून. आता सगळ्या वस्तीला ठाऊक झालं की माझी भाची डाक्टर हुनार. फार्मसी म्हंजी डाक्टर न्हवं असं मामा सांगाय लागले तर लंकाबाई म्हनली, गोळी देती ना, मग झालं.

तू न्हवतीस म्हनून रडू नको. तू असतीस तर काय माझ्या वाटची तू ओकनार हुतीस?

पयले पाच-सहा दिवस वाईट गेले, खोटं न्हाई सांगत. आता बरं हाय. बाजारातून टोस्ट आनलेत. कोरडे घशाखाली उतरत न्हाईत, पन तू म्हनलीस म्हनून खाते. आलं चघळते. मामानं आल्याची अख्खी पिशवी आनून ठेवलीया, जसं काय मी म्हैस हाय.

वाईट मला एकाच गोष्टीचं वाटतं. भाताची सोंगनी तोंडावर आलीया आन मी खाटंवर. मामा एकटा विळा घेऊन जातो. मी त्याची बायको, सावलीत बसून बघते. ऑपरेशन झाल्यापासून उजवा हात वर हुत न्हाई. त्यानं कधी तोंडानं काढलं न्हाई, पन मला दिसतं.

काळभात आनते. तू ये.

तुझी आत्या,
जयमाला


पुणे, ७ नोव्हेंबर १९९६

प्रिय आत्या, जयभीम.

आपण जिंकलो.

सोमवारी मी संध्याकाळी सहाला निघेपर्यंत एकही उलटी नाही. मागच्या वेळेला दुपारीच सुरू झाल्या होत्या असं मामा म्हणाले. नर्सने सलाईनच्या आधी मळमळीचं इंजेक्शन दिलं होतं, ते थोडं कामाला आलं असेल, पण मला खात्री आहे की खरा फरक डब्यानं पडला. तू पहिला घास घेतलास तेव्हा तुझा चेहरा बघितला मी. शेजारच्या बेडवरची बाई सारखी विचारत होती ना, कसला वास येतोय म्हणून. सलाईन संपल्यावर तू नको म्हणालीस, तरी मी चार घास भरवलेच. चिडू नकोस. लहानपणी तू मला असंच भरवायचीस.

आता ऐक, एक मोठी बातमी आहे. आमच्या कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांचं सेमिनार असतं. मी विषय दिलाय, केमोथेरपीच्या उलट्या आणि घरगुती आहार. तुझं नाव घेणार नाही, फक्त ‘अकोले तालुक्यातली एक शेतकरी बाई’ म्हणणार. सरांना विषय एकदम आवडला. फक्त ते म्हणाले, हॉस्पिटलमधलं ठीक आहे, घरी गेल्यावर पुढचे दिवस कसे गेले ते हवं. म्हणून तुझ्या उत्तराची मी रोज वाट बघतेय. अगदी रोज पोस्टाच्या खोक्यात हात घालून बघते.

घरी पण काळभातच खा.

तुझी,
दीपा


राजूर, १४ नोव्हेंबर १९९६

चि. दीपास जयभीम.

पत्राला उशीर झाला. सोंगनी चालू हाय.

तुला काळजी हाय म्हनून लिहिते. घरी काय तरास न्हाई. तू सांगितलं तसं सगळं करते. टोस्ट, आलं, भात. तुझ्या सरांना सांग की बाई बरी हाय.

हे पत्र मी गोठ्यात बसून लिहिते. आजकाल दिवस बुडायच्या वक्ताला मी हितंच येऊन बसते. गाय बिचारी काय इचारत न्हाई. आज तिला चारा टाकून मामा म्हनले, तू बी खातीस का ह्यातलं. मी म्हनलं, ठेवा थोडं.

नवा भात निघालाय, घरोघरी तोच शिजतो. तू हितं असतीस तर तुला लई आवडलं असतं.

तुझं सेमिनार का काय ते चांगलं हुवू दे. अभ्यासाकडं बघ. माझ्या नादात नापास झालीस तर तुझा बाप मला बोलंल.

आत्या


पुणे, २७ नोव्हेंबर १९९६

प्रिय आत्या, जयभीम.

सेमिनार फर्स्ट आलं. सरांनी टाळ्या वाजवल्या. तुझं पत्र मी वाचून दाखवलं, गोठ्यातल्या गाईचं पण, आणि सगळे हसले. मी सांगितलं, बघा, संध्याकाळी मोकळ्या हवेत बसण्याचासुद्धा फायदा होतोय. हे पुस्तकातही नाही, हे तुझं ओरिजिनल.

परवाच्या तिसऱ्या डोसबद्दल तुला सांगायचं राहिलं, कारण तू आणि मामा बसच्या घाईत होतात. मी डॉक्टरांशी इंग्लिशमध्ये बोलत होते ना, ते काय होतं ते सांगते. त्यांनी विचारलं, घरी गेल्यावर उलट्या होतात का. म्हणाले की बऱ्याच पेशंटना दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून जास्त होतात, तसं असेल तर घरी न्यायला आणखी जोरदार गोळ्या लिहून देतो. मी म्हटलं, नो डॉक्टर, घरी काहीच त्रास नाही. तुझ्या शेवटच्या पत्रातलं सगळं सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, मग उगाच जास्त औषधं कशाला, आहे तेच चालू दे. एका खेड्यातल्या बाईनं नुसत्या आहारावर हे केलं, याचा मला केवढा अभिमान वाटला.

तू मान खाली घालून बसली होतीस. थकली असशील. यावेळी डबा आणायला विसरलीस हे मात्र मला आवडलं नाही. मी मेसमधून भात आणला तर तू तोंडावर पदर धरलास. मेसचा भात म्हणजे काय, कुणीही पदर धरेल. चौथ्याला विसरू नकोस.

तुझी,
दीपा


राजूर, ४ डिसेंबर १९९६

चि. दीपास भीमराजमामाचा जयभीम.

हे पत्र मी तुझ्या आत्याला न सांगता लिहितो. तिनं मला शपथ घातली हुती. मोडली.

जयमाला सोळा तारखेला पुन्याला येनार न्हाई म्हनते. राहिलेले तिन्ही डोस घेनार न्हाई. मी लई सांगितलं. ती म्हनते, रोगानं मरीन पन असं न्हाई.

तुला जे लिहून आलं ते खरं न्हवतं. पयल्या डोसपासून तिला जे सुरू हुतं ते सहा-सात दिवस थांबत न्हाई. पोटात पानी बी ठरत न्हाई. ह्या खेपेला राजूरच्या डाक्टरकडं दोनदा सलाईन लावलं. आता तर नुसतं बस स्टँड दिसलं तरी तिला उमळून येतं. लाल लुगडं नेसलेली बाई दारात आली तरी उठून मागं जाते.

आन भात. दुसऱ्या डोसच्या दिवशी खाल्ला तवापासून तिला त्याचा वास सहन हुत न्हाई. आमच्या घरात मी शिजवायचा सोडला, बाजरीची भाकरी करतो. पन वस्तीत संध्याकाळी सगळीकडं नवा भात चुलीवर असतो. म्हनून ती गोठ्यात जाऊन बसते. शेनाचा वास चालतो, भाताचा न्हाई. जिनं सगळी उमर भात लावला तिला आता खाचराकडं बघवत न्हाई.

मी तिला म्हनलं, दीपाला खरं लिही. ती म्हनली, पोरगी एवढ्या हौसेनं पुस्तकं वाचून लिहिते, पयल्या वेळी न्हवती म्हनून रडली, तिला कसं सांगू की तुझ्यानं काय झालं न्हाई. आमाला लेकरू न्हाई. ती तुलाच लेकरू समजते.

तू डाक्टरशी इंग्रजी बोलत हुतीस तवा आमी दोघं भिंतीवरचं कॅलेंडर बघत हुतो. मला वाटलं तू औषधाचंच काय तरी इचारत असशील. तुझं पत्र आलं तवा कळलं काय सांगितलंस. तिथंच मी मराठीत बोलायला पायजे हुतं. जयमालानं माझा हात दाबला आन मी गप बसलो. ही चूक माझी हाय.

तुला दोष देत न्हाई. पन तू सांगितलंस तर ती ऐकंल.

भीमराज


पुणे, ८ डिसेंबर १९९६

आत्या,

मामांचं पत्र आलं. त्यांच्यावर चिडू नकोस.

मी काल दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटले. सांगितलं की मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, पेशंट कशी आहे. मग मला खुर्चीवर बसवून म्हणाले, प्रश्न त्या बाईंसाठी होता, उत्तर तुम्ही दिलंत, आणि मीही ते ऐकून घेतलं, पुन्हा त्यांच्याकडे बघितलं नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

भाताचं पण विचारलं. ते म्हणाले, डोसच्या दिवशी माणसाच्या आवडीचं कधीच द्यायचं नाही, कारण मळमळ त्या चवीला चिकटून बसते आणि मग ती चव कायमची जाऊ शकते. त्या जाड पुस्तकात हे पण होतं. पुढच्या प्रकरणात. मी निम्मंच वाचलं होतं आणि तुला पत्र लिहायला बसले होते. तू नको म्हणत होतीस आणि मी चमचा पुढे करत होते, ते मला सारखं दिसतंय.

सरांनाही भेटले. म्हटलं सेमिनारमधलं सगळं खोटं होतं, नाव काढा. ते म्हणाले, एवढं मनाला लावून घेऊ नकोस, होतं असं. मला त्यांचा राग आला. वर्ग हसला होता ना तुझ्या गोठ्यावर, मीच हसवलं होतं.

आत्या, मला तू बरी व्हायला हवी होतीस, हे खरं आहे. पण त्याहून जास्त मला बरोबर ठरायचं होतं. तू ते ओळखलंस आणि मला बरोबर ठरवत बसलीस.

डॉक्टर म्हणाले, यापेक्षा चांगली औषधं आहेत, तीन-चार प्रकारची, एकानं नाही झालं तर दुसरं. बसच्या भीतीला पण आदल्या रात्रीची एक गोळी असते, ती मी या पाकिटात घातलीय, त्यांनीच दिली. एवढं त्रासाचं माहीत असतं तर तिन्ही डोस असे गेलेच नसते म्हणाले. आणि डोस मधेच सोडले तर रोग परत यायची भीती जास्त.

यायचं की नाही ते तू ठरव. मी आता तुला काय खा, काय खाऊ नको, काहीच सांगणार नाही.

दीपा


राजूर, १२ डिसेंबर १९९६

दीपास जयभीम.

मामाशी मी दोन दिवस बोलले न्हाई. काल बोलले, कारन गाईनं दूध सांडलं आन दुसरं कोन हुतं बोलायला.

खोटं मी लिहिलं. लिहिताना माझा हात कापला न्हाई आन तू तिकडं रडतीस. मला वाटलं मी तुझ्यावर माया करते. तू लोकांसमोर तोंडघशी पडलीस ती माझ्या मायेनं. ह्याचं मला काय करायचं ते कळत न्हाई.

यायचं मनात न्हाई. पन आले तर एक अट हाय. डाक्टरसमोर तू तोंड उघडायचं न्हाई. इंग्रजीत न्हाई, मराठीत बी न्हाई. मी सांगीन. मला जसं येतं तसं सांगीन.

मामाला भाताची झोडनी हाय. रविवारी तू घ्यायला ये. मी बसमदी चढले तर चढले. न्हाईतर तू एकटी परत जा, मला गळ घालू नको.

आत्या


पुणे, १७ डिसेंबर १९९६

ती. मामांस,
जयभीम.

काल चौथा डोस झाला. आत्याला डॉक्टरांनी शुक्रवारपर्यंत वॉर्डात ठेवून घेतलंय, पुढचे दिवस कसे जातात ते स्वतः बघायला. शनिवारी न्यायला या.

बसमध्ये आळेफाट्याला तिला एकदा उलटी झाली. आदल्या रात्रीची गोळी घेऊनही. मी नुसती पिशवी धरली.

डॉक्टरांसमोर मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि विचारलं, कसं असतं घरी, तुमच्या शब्दांत सांगा. तिनं आधी पदर सारखा केला. मला तोंड उघडायची एवढी सवय आहे की मी ओठ दाताखाली धरले होते.

मग ती म्हणाली, “डाक्टर, आतडं पिळून दोरीवर टाकल्यागत हुतं. मानूस म्हनून काय उरत न्हाई. नवरा पाठीवर हात ठेवतो तर त्याचा हातसुदा नको वाटतो, आन मग रातभर त्याचं वाईट वाटतं.”

मामा, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं का, ते मला माहीत नाही. ती सांगत गेली. ओकून झाल्यावर ती चूळ भरून पदरानं तोंड पुसून तुमच्यासमोर हसत यायची, ते सांगितलं. तिसऱ्या डोसनंतर एकदा विहिरीच्या काठावर बराच वेळ बसली होती, तेही सांगितलं. तेव्हा मी खाली बघितलं. माझं पत्र त्याच आठवड्यात पोचलं असणार, फर्स्ट आलं म्हणून.

डॉक्टरांनी विचारलं, आधी का नाही सांगितलंत. ती म्हणाली, “पोरगी सांगत हुती. तिचं चांगलं चाललं हुतं.”

डॉक्टर लिहीत राहिले.

यावेळी सलाईनच्या आधी दोन वेगळी इंजेक्शनं दिली. घरी न्यायला गोळ्या आहेत, त्या मळमळ सुरू झाल्यावर नाही, सुरू व्हायच्या आधीच, ठरलेल्या वेळेला द्यायच्या, बरं वाटत असलं तरी. वेळ तुम्हाला डॉक्टर स्वतः समजावतील, मी नाही. पोटात पाणी ठरलं नाही तर वाट न बघता राजूरच्या डॉक्टरकडे न्यायचं. जेवण गार आणि बिनवासाचं, तिला चालेल ते.

आज दुपारी तिला मळमळतंय, पण पाणी राहतंय. मला म्हणाली, इथं बसून माझ्या तोंडाकडं बघू नको, कॉलेजला जा. मी जिन्यात बसून हे लिहितेय.

तुमची,
दीपा


राजूर, ९ जानेवारी १९९७

चि. दीपास जयभीम.

सोमवारी पाचवा झाला. तुझी परीक्षा हुती म्हनून तुला कळवलं न्हाई, मामा आन मी जाऊन आलो. डाक्टरशी मीच बोलले. चौथ्याच्या वेळचं सांगितलं, पयले दोन दिवस बरे गेले, मग दोन दिवस वाईट, मग थांबलं. सलाईन लावायला लागलं न्हाई. त्यांनी एक गोळी बदलली. जाताना इचारलं, भाची कुठं हाय. मी म्हनलं पेपर लिहिते. ते म्हनले तिला सांगा, काळजी करू नको. मी म्हनलं सांगते, पन ती करनारच.

तू पत्रात सारखी माफी मागतीस. आता पुरे. मी बी तुझ्याशी खोटं वागले. तुझी चूक मोठी का माझी, ह्याचा इचार करत मी खाटंवर पडून असते. काय निघत न्हाई त्यातनं. विहिरीचं तू मामाला लिहिलंस. त्या रातीपासून तो माझी खाट आपल्या खाटंला लावून झोपतो. इचारलं काय न्हाई. ते मी त्याला तोंडानं सांगायला पायजे हुतं, तुझ्या पत्रातनं न्हवं. पन मी सांगितलं नसतं, हे बी खरं.

आज चौथा दिवस हाय. सकाळपासून ज्वारीच्या लाह्या खाल्ल्या आन गार ताक. गोळी घेतली, मामा घड्याळ घेऊनच बसतो. तुला वाटंल आता ही बरी हाय, तर

थांबले हुते. उठून मोरीत गेले. झाली उलटी. एकच, पन मोठी. आता चूळ भरून परत बसले हाय, हात जरा कापतो म्हनून अक्षर असं आलंय. मागची ओळ तशीच ठेवली, खोडली न्हाई.

सहावा सत्तावीसला. ये.

आत्या